जगभर फिरणाऱ्या कॅम्पेनसाठी कोणती सोर्सबुकं घ्यावीत?

प्रश्न असा आहे: कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाचं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा), काळ १९२५. सुरुवात न्यूयॉर्कमध्ये, मग लंडन, कैरो, शांघाय आणि शेवट ऑस्ट्रेलियात. कथा कीपरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, स्वतःची आहे, छापील नाही. मूळ नियमपुस्तक हाताशी आहे. आता प्रत्येक ठिकाणाचं वेगळं सोर्सबुक, म्हणजे त्या जागेची माहिती देणारं पुस्तक, घ्यावं, की सगळं जग एकत्र देणारं एखादं जाडजूड पुस्तक पुरेल?

माझं उत्तर: पाच ठिकाणांसाठी पाच पुस्तकं नकोत आणि सगळ्या जगाचं एकच पुस्तकही नको. कथा ज्या दोन ठिकाणी मुक्काम ठोकणार आहे त्यांची दोन चांगली पुस्तकं घ्या. ठिकाणांना एकमेकांशी जोडणारं एक घ्या. उरलेल्या थांब्यांसाठी दोन-दोन पानं स्वतः तयार करा. कथा छापील नाही, तुमची आहे, म्हणून हे जास्तच लागू पडतं. छापील कॅम्पेनमध्ये शहराची माहिती त्या त्या प्रकरणात आलेली असते आणि तिथे आणखी सोर्सबुक घेणं बहुतेक वेळा हौसेचा भाग असतो.

मुक्काम कुठे आणि थांबा कुठे

पुस्तकांची यादी समोर घेऊन बसण्याआधी कथेचा सांगाडा कागदावर मांडा आणि प्रत्येक ठिकाणासमोर एकच गोष्ट लिहा: इथे असा कोण आहे, ज्याच्याकडे खेळाडूंना दुसऱ्यांदा जावं लागेल? लंडनमध्ये ते एका वकिलाला भेटतात, संग्रहालयात एक कागद बघतात, रात्री हॉटेलवर हल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी ते बोटीवर असतात. दोन सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, फार तर तीन. इथे कुणाकडेच परत जायचं नाही, म्हणजे हा थांबा आहे. कैरोमध्ये मात्र एक पुरातत्त्वज्ञ, त्याचा नाराज साहाय्यक, जुन्या वस्तूंचा व्यापारी आणि एक पोलीस अधिकारी अशी चार माणसं आहेत. त्यातल्या प्रत्येकाला आज दिलेलं वचन पुढच्या आठवड्यात अंगाशी येणार आहे. हा मुक्काम. परत भेटणारी माणसं आली की गल्ल्या लागतात, अफवा लागतात, शेजारी लागतात. सोर्सबुकाची खरी गरज तिथे पडते.

दुसरा निकष अज्ञानाचा. लंडनबद्दल छापील सामग्री विपुल आहे, म्हणून लोक पहिलं पुस्तक लंडनचं घेतात. पण लंडन टेबलावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात आधीच तयार असतं. धुकं, टॅक्सी, क्लब, स्कॉटलंड यार्ड असं नुसतं म्हटलं तरी चित्र उभं राहतं आणि ते चित्र दोन सेशन सहज तग धरतं. १९२५ च्या शांघायचं तसं नाही. तिथे तुम्हीही चाचपडत असता आणि खेळाडूही. जिथे कथा जास्त राहणार आणि तुम्हाला माहिती कमी, तिथे पुस्तकावर वेळ आणि पैसा घाला. तुमच्या मार्गावर ही दोन ठिकाणं कैरो आणि शांघाय आहेत, असं मला प्रश्नातल्या मांडणीवरून वाटतं.

काही पुस्तकं स्वतःच या तत्त्वावर बांधलेली असतात. शॅडोरन या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या 'रनर हेवन्स'मध्ये सिअ‍ॅटल आणि हाँगकाँग ही दोन शहरं सविस्तर येतात आणि बाकीची थोडक्यात. 'फेरल सिटीज'मध्ये तीच जागा शिकागो आणि लागोस यांना आहे. तुमचा खेळ वेगळा असला तरी असं एखादं पुस्तक चाळून बघा. दोन शहरांना खोली आणि बाकीच्यांना केवळ ओळख दिली, तरी जग मोठं वाटतं, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

आणि मुक्काम चालता-फिरताही असू शकतो. १९९१ साली पेटीच्या रूपात आलेलं आणि २०१४ मध्ये नव्याने निघालेलं 'हॉरर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' बघा. त्यात शहरं एकामागून एक येतात आणि जातात, पण आगगाडी तीच राहते. तिचे डबे, भोजनयान, कर्मचारी आणि सहप्रवासी यांच्याकडे खेळाडू पुन्हा पुन्हा परततात. तुमच्या कथेत लंडन ते शांघाय हा सागरी प्रवास महत्त्वाचा असेल, तर शहराच्या एका पुस्तकाऐवजी बोटीचा एक चांगला नकाशा आणि वीस सहप्रवाशांची यादी जास्त उपयोगी पडेल.

जोडणारं पुस्तक

या प्रकाराकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते जगभर फिरणाऱ्या कॅम्पेनमध्ये सगळ्यात जास्त काम हेच पुस्तक करतं. शहरांची पुस्तकं प्रत्येक शहराला बेट समजून लिहिलेली असतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना काय होतं, किती दिवस लागतात, बातमी आधी पोचते की माणूस, सोबत काय नेता येतं, पैसे कसे मिळतात, हे त्यात नसतं. टेबलावर मात्र खेळाडू नेमकं हेच विचारतात.

कल्पनारम्य जगातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे एबेरॉनचं २००५ सालचं 'एक्सप्लोरर्स हँडबुक'. हवाई जहाज आणि विजेवर धावणारी गाडी अशी प्रवासाची साधनं त्यात आधी येतात. मग ठिकाणं येतात, तीही नकाशावरच्या प्रदेशांनुसार नाही, तर सफर जिथून सुरू होते त्या जागा, वाटेतल्या जागा आणि जिथे पोचायचं त्या जागा अशी लावलेली. कीपरच्या डोक्यात कथा याच क्रमाने चालते. म्हणून एबेरॉन कधी न खेळणाऱ्यांनाही मी हे पुस्तक सुचवतो.

नाइट्स ब्लॅक एजंट्स या २०१२ च्या खेळात दुसऱ्या तऱ्हेची जोडणी सापडते. तिथे शत्रूची संघटना सहा पातळ्यांच्या पिरॅमिडमध्ये मांडतात. तळाशी रस्त्यावरचे गुंड आणि किरकोळ धंदे, वर चढत जाल तसे मोठे मासे, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक चौकट एखाद्या शहरात ठेवता येते. मग खेळाडू कैरोहून शांघायला का जातात, याचं उत्तर "कीपरने सांगितलं म्हणून" असं उरत नाही. कैरोच्या चौकटीतून निघालेली रेषा शांघायच्या चौकटीला जाऊन मिळते आणि ती रेषा खेळाडूंनी स्वतः शोधलेली असते. तुमचा खेळ वेगळा असला तरी ही आकृती जशीच्या तशी उचलता येते.

१९२५ च्या कॅम्पेनसाठी जोडणाऱ्या पुस्तकात काय हवं, ते जरा तपशिलात सांगतो.

पहिलं म्हणजे वेळ. लंडन ते कैरो हा प्रवास रेल्वे आणि बोट मिळून साधारण आठवड्याचा. लंडनहून सुवेझमार्गे ऑस्ट्रेलिया गाठायला पाच-सहा आठवडे. प्रवासी विमानांच्या लांब पल्ल्याच्या सेवा अजून सुरू व्हायच्या आहेत. इम्पीरियल एअरवेज १९२४ मध्ये स्थापन झाली असली तरी तिची लंडन-कराची सेवा १९२९ ची. म्हणजे खलनायकाचा विधी ठरावीक तारखेला असेल, तर मार्ग निवडणं हाच खेळाडूंचा मोठा निर्णय ठरतो. हा निर्णय त्यांच्या हातात देणारं कोष्टक पुस्तकात असेल, तर त्या एका पानासाठीही ते घ्यावं.

दुसरं म्हणजे बातमीचा वेग. माणसाला आठवडे लागतात तिथे तार काही तासांत पोचते. न्यूयॉर्कमध्ये एका पंथाचा अड्डा उद्ध्वस्त झाला, तर खेळाडूंची बोट किनारा सोडायच्या आत कैरोतल्या माणसाला नावानिशी खबर गेलेली असते. या एका गोष्टीने कॅम्पेनचं तापमान बदलतं. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दांची कोशपुस्तकं वापरत. १९०६ चं बेंटलीचं कोशपुस्तक त्यातलं प्रसिद्ध. निरर्थक वाटणाऱ्या पाच अक्षरांच्या गटांची तार खेळाडूंच्या हाती देऊन बघा, इतका सोपा आणि काळाला धरून असलेला हँडआउट दुसरा मिळणार नाही.

तिसरं, शस्त्रं. पहिल्या बंदरावर पहिला प्रश्न हाच येतो. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून लपवता येण्याजोग्या बंदुकीला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्यापासून पिस्तूल आणि रायफलसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. कस्टमच्या टेबलावर ट्रंक उघडली जाते तेव्हा काय होतं, हे तुम्हाला आधी माहीत असेल तर तो प्रसंग रंगतो. नसेल तर नियमांवर वाद होतो आणि सेशनचा अर्धा तास त्यात जातो.

कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीसोबत आलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर हँडबुक'मध्ये १९२० च्या दशकावर चांगलं प्रकरण आहे. त्याचा कल अमेरिकेकडे आहे, पण तुमची सुरुवात न्यूयॉर्कचीच असल्यामुळे ते दुप्पट उपयोगी पडेल. जगाचा धावता आढावा हवा असेल तर गर्प्स या आणखी एका भूमिका-खेळातलं 'क्लिफहँगर्स' बघा. दोन महायुद्धांमधल्या साहसकथांसाठी ते लिहिलेलं आहे. गर्प्सच्या ऐतिहासिक पुस्तकांची खासियत अशी की त्यातला मोठा भाग नियमांपासून मोकळा असतो आणि कुठल्याही खेळात वापरता येतो.

पुस्तक चाळताना मी काय शोधतो

मुखपृष्ठ, चित्रं आणि पानांची संख्या बाजूला ठेवा. शहराचं सोर्सबुक हातात आलं की मी एकच प्रश्न घेऊन ते उघडतो: आमच्या माणसांनी रस्त्यात गोळीबार केला, तर त्यांना कोण पकडेल आणि कुणापुढे उभं करेल?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तरात शहराची सगळी सत्ता उलगडते. १९२५ चं कैरो घ्या. इजिप्तला फेब्रुवारी १९२२ मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालेलं आहे, राजा आहे, संसद आहे, पण ब्रिटिश सैन्य तिथेच आहे. आणि परदेशी माणसाचं वेगळंच आहे. जुन्या सवलतींमुळे त्याच्यावरचा फौजदारी खटला बहुतांशी त्याच्याच देशाच्या वकिलातीकडे जातो. म्हणजे अमेरिकन पात्राला इजिप्शियन पोलिसांनी पकडलं, तरी पुढचा निर्णय अमेरिकन अधिकाऱ्याच्या हाती. त्याच टोळीतलं इजिप्शियन पात्र मात्र थेट तुरुंगात. एकाच रात्री केलेल्या एकाच कृत्याची दोन पात्रांना दोन वेगळी किंमत मोजावी लागते. ही विषमता त्या काळाचं वास्तव आहे आणि खेळाडूंना ती अंगावर जाणवली की कैरो नुसता देखावा राहत नाही.

शांघायमध्ये हाच प्रश्न विचारला तर अख्खं कॅम्पेन निघेल. शहराचे तीन तुकडे आहेत: आंतरराष्ट्रीय वसाहत, फ्रेंच वसाहत आणि चिनी प्रशासनाखालचा भाग. तिन्हींचे पोलीस वेगळे. रस्ता ओलांडला की पाठलाग करणाऱ्याचा अधिकार संपतो. अमेरिकन माणसाचा खटला १९०६ पासून खास चीनसाठी स्थापन झालेल्या अमेरिकन न्यायालयात चालतो. क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियन निर्वासितांना असं कुठलंच छत्र नाही, कारण त्यांचा देशच उरलेला नाही. आणि फ्रेंच वसाहतीच्या पोलिसांतला सर्वांत वरचा चिनी गुप्तहेर हुआंग जिनरोंग हाच शहरातल्या टोळ्यांचा एक म्होरक्या. इतकं पान-दोन पानांत सांगणारं पुस्तक चहाघरांची आणि मंदिरांची शंभर पानं देणाऱ्या पुस्तकापेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरा प्रश्न दाराचा: इथे कुणाला आत येऊ देत नाहीत? ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हे आत्ताच बघून ठेवा. १९०१ च्या कायद्याने तिथे नको असलेल्या प्रवाशाला पन्नास शब्दांचं श्रुतलेखन द्यायला लावता येत असे आणि भाषा अधिकारी निवडत असे. नापास होण्यासाठीच ती परीक्षा होती आणि गोरे नसलेले लोक तिचं लक्ष्य होते. तुमच्या टेबलावर कुणाचं पात्र चिनी किंवा आफ्रिकन असेल, तर शेवटच्या टप्प्यात त्याला बोटीवरच अडवलं जाऊ शकतं. हे वास्तव कथेत आणायचं की बाजूला ठेवायचं, ते त्या खेळाडूशी आधी बोलून ठरवा. पण जे पुस्तक हा विषय टाळून फक्त वाळवंट आणि कांगारू देतं, ते तुम्हाला ऐन वेळी तोंडघशी पाडेल.

तिसरा प्रश्न: आपला खलनायक अजिबात नसता, तर या शहरात कोण कुणाशी भांडत असतं? चांगल्या सोर्सबुकात शहराला स्वतःचे ताण असतात. नोव्हेंबर १९२४ मध्ये सुदानचे गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक यांना कैरोच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यानंतर ब्रिटिशांनी इजिप्तच्या सरकारला गुडघ्यावर आणलं. तुमचे खेळाडू काही महिन्यांनी तिथे उतरतात. ३० मे १९२५ रोजी शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि शहर संपांनी ठप्प झालं. खेळाडू जूनमध्ये पोचले तर बंदरावर माल उतरवायला माणूस मिळणार नाही आणि परक्या माणसाकडे बघणाऱ्या नजरा बदललेल्या असतील. यातलं काही तुम्हाला रचावं लागत नाही, फक्त तारीख माहीत असावी लागते.

तारखेवरून एक इशारा. पुष्कळ पुस्तकं '१९२० चं दशक' असा सरसकट काळ धरतात. दशकाच्या आत जग फार बदललं. सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकियो आणि योकोहामा जमीनदोस्त झाले. त्याआधीचं टोकियो रंगवणारं पुस्तक १९२५ ला चालत नाही. ऑस्ट्रेलियाची संसद १९२७ पर्यंत मेलबर्नमध्ये भरत होती, म्हणून 'कॅनबेराच्या सरकारी कचेरीत' घडणारा प्रसंग १९२५ मध्ये बसत नाही. निवडलेल्या पुस्तकात वर्षागणिक घटनाक्रम आहे का, ते बघा. नसेल तर तो तुम्हालाच करावा लागेल.

कुणाच्या नजरेतून लिहिलंय

हा मुद्दा मी हळू आवाजात सांगणार नाही. जुन्या सोर्सबुकांतला मोठा भाग बाहेरच्या पाहुण्याच्या नजरेने लिहिलेला आहे. युरोप-अमेरिकेच्या शहरांत बँकर, पत्रकार, प्राध्यापक, कामगार नेते भेटतात, आणि जहाज पूर्वेकडे वळलं की स्थानिक माणसं फक्त वाटाडे, चोर आणि पंथाचे अनुयायी होतात. असं पुस्तक नैतिकदृष्ट्या खटकतंच, शिवाय खेळ म्हणूनही ते कंगाल असतं. ज्या शहरात वकील, डॉक्टर, संपादक, विद्यार्थी नेते नाहीत, तिथे खेळाडूंना शोध घेण्यासाठी कुणाकडे जाताच येत नाही.

याची चाचणी सोपी आहे. एनपीसींची, म्हणजे कीपर चालवतो त्या पात्रांची, यादी उघडा आणि स्थानिक माणसांचे व्यवसाय वाचा. त्यांना स्वतःची नावं आहेत का? स्वतःचा स्वार्थ, राजकारण, कुटुंब आहे का? त्या शहरातलाच अन्वेषक, म्हणजे खेळाडूचं पात्र, तयार करायला पुस्तक मदत करतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर पुस्तक बहुतेक चांगलं निघतं, कारण लेखकाला त्या शहराकडे आतून बघावं लागलेलं असतं. माझा आग्रह असतो की निदान एका खेळाडूचं पात्र मुक्कामाच्या ठिकाणचंच असावं. टोळी तिथे पोचली की ते पात्र यजमान होतं आणि शहर समजावून सांगण्याचं अर्धं ओझं कीपरच्या खांद्यावरून उतरतं.

जुनी आवृत्ती चालेल का

चालेल. सातव्या आवृत्तीत गुणवैशिष्ट्यं टक्क्यांत गेली. आधीच्या आवृत्तीतला आकडा पाचाने गुणला की काम होतं. ताकद १२ असेल तर ६०. शहराच्या पुस्तकात आकडे मुळातच कमी असतात. नियमांच्या फरकापायी चांगलं जुनं पुस्तक सोडू नका. वर सांगितलेला नजरेचा दोष मात्र जुन्यात जास्त सापडतो, तो गाळून घ्यावा लागतो.

पीडीएफ की छापील, यावर माझं मत: मुक्कामाचं पुस्तक दोन्ही रूपांत असेल तर उत्तम. एकच घ्यायचं तर पीडीएफ, कारण खेळ चालू असताना नाव शोधता येतं आणि खेळाडूंना दाखवायचा नकाशा वेगळा काढता येतो. नकाशावर गुप्त जागांच्या खुणा नसलेली खेळाडूंसाठीची प्रत आहे का, हे घेण्याआधी विचारा.

थांब्यांची दोन पानं

लंडन आणि न्यूयॉर्कसाठी सोर्सबुकाची गरज नाही, असं मी म्हणतो ते त्या काळाच्या प्रवासपुस्तकांच्या भरवशावर. बेडेकरच्या जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सापडतात. हॉटेलांची नावं, घोडागाडीचं भाडं, संग्रहालयाच्या वेळा, बंदरावर हमालाला किती द्यावं, सगळं त्यात आहे आणि ते त्या वर्षीच्या प्रवाशासाठीच लिहिलेलं आहे. बेडेकरची इजिप्तवरची १९२९ ची आवृत्ती तर कैरोच्या सोर्सबुकाशेजारी ठेवावी अशीच आहे. जपानकडे वळणार असाल तर टेरीचं १९१४ चं प्रवासपुस्तक बघा, अर्थात भूकंपाआधीचं आहे हे लक्षात ठेवून. या पुस्तकांची मर्यादाही उघड आहे: ती पाहुण्यांसाठी आहेत, शहरात राहणाऱ्या सामान्य माणसाचं जग त्यांत जवळजवळ नाही.

दोन पानांत मी एवढंच ठेवतो: उतरण्याची जागा, राहण्याची एक महागडी आणि एक साधी जागा, पोलिसांबद्दल तीन ओळी, जुने कागद जिथे मिळतील अशी एक संस्था, पाच स्थानिक नावं (ऐन वेळी एनपीसीला नाव हवंच असतं), आणि त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्राचा एक मथळा. याशिवाय एक असा तपशील, जो फक्त त्याच ठिकाणी खरा आहे. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत रेल्वेच्या रुळांमधलं अंतर वेगळं होतं, म्हणून सिडनीहून मेलबर्नला जाताना सीमेवर ऑलबरी स्थानकात रात्री-अपरात्री सगळ्यांना गाडी बदलावी लागे. पाठलाग, सामानाची अदलाबदल, फलाटावर अचानक दिसलेला ओळखीचा चेहरा, सगळं त्या एका तपशिलातून निघतं.

काल्पनिक जगात खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात

तत्त्व तेच. पाथफाइंडर या खेळाचं २०१९ चं 'लॉस्ट ओमेन्स वर्ल्ड गाइड' जगाचे दहा भाग करून प्रत्येकाची ओळख देतं, ते थांब्यांसाठी. 'द म्वांगी एक्सपान्स' (२०२१) एकाच प्रदेशाला तीनशेहून अधिक पानं देतं, ते मुक्कामासाठी. दोन्ही हाताशी असतील तर निम्मं काम झालं. फक्त काल्पनिक जगात खेळाडूंना बेडेकर मिळत नाही, म्हणून मुक्कामाच्या पुस्तकातलं एखादं पान त्यांना वाचायला देण्याजोगं आहे का, ते बघा.

तुमच्या मार्गासाठी

कैरोसाठी केऑसिअम या प्रकाशकाचं १९९५ चं 'द कैरो गाइडबुक' मिळवा आणि बेडेकर सोबत ठेवा. तुमच्या कथेत उत्खनन येणार असेल तर पुरातत्त्व खात्याचा भाग नीट वाचा. ते खातं त्या काळी फ्रेंच संचालकाच्या हाती होतं, तूतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडल्यापासून परदेशी मोहिमांवरची पकड आवळली जात होती, आणि परवान्याशिवाय फावडं चालवणारी टोळी पंथाच्या आधी खात्याच्या तावडीत सापडेल.

शांघायसाठी 'द ससून फाइल्स' बघा. १९२० च्या दशकातलं शांघाय हाच त्याचा गाभा आहे आणि सोबत खेळता येतील अशी साहसंही आहेत. ती साहसं वापरली नाहीत, तरी त्यातली माणसं उचलता येतात. वर सांगितलेला शहराच्या तीन तुकड्यांचा प्रश्न घेऊन ते वाचायला बसा.

'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' हे १९८४ चं, २०१८ मध्ये पेरूच्या नव्या प्रकरणासह पुन्हा निघालेलं कॅम्पेन तुमच्या यादीतली सगळी ठिकाणं घेतं. केवळ ठिकाणांच्या प्रकरणांसाठीही ते घेण्यासारखं आहे, पण आधी खेळाडूंना विचारा की कुणी ते खेळलंय का किंवा पुढे खेळायचंय का. 'हो' म्हणणारा एकजण जरी निघाला तरी त्यातल्या जागा आणि नावं वापरू नका. दुसऱ्या कुणाच्या टेबलावरचा त्याचा आनंद त्यात जाईल.

जोडणारं पुस्तक म्हणून 'इन्व्हेस्टिगेटर हँडबुक' आणि सहा पातळ्यांचा पिरॅमिड. न्यूयॉर्क आणि लंडनची दोन-दोन पानं.

राहिलं ऑस्ट्रेलिया. 'टेरर ऑस्ट्रालिस' १९८७ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये नव्याने लिहिलं गेलं. घ्यायचं झालं तर नवीन घ्या. पण आत्ता घेऊ नका. जगभर फिरणारं कॅम्पेन ठरलेल्या शेवटाला क्वचितच जसंच्या तसं पोचतं. खेळाडू शांघायमध्ये रमतात, किंवा एखाद्या कागदावरून भलताच माग काढून व्लादिवोस्तोकला निघतात. शांघायचं पुस्तक मात्र आत्ताच मागवा, कारण ते वाचून मुरायला वेळ लागेल आणि कैरो चालू असतानाच तिथल्या माणसांच्या तारा यायला लागल्या पाहिजेत. ऑस्ट्रेलियाचं पुस्तक खेळाडू बोटीची तिकिटं काढतील त्या सेशननंतर घ्या. वाटेतल्या बंदरांवर आणि बोटीवर दोन-तीन सेशन सहज जातात, तेवढ्यात ते वाचून होतं.